रेघ ओलांडताना : खेळाडू स्त्री आणि खाकी गणवेश

एखादी खेळाडू मुलगी पोलिसात लागली की आपल्याकडे 'खेळाचे चीज झाले' असे म्हटले जाते. भाषेचे अध्यापन करणाऱ्या आम्हा मंडळींना हा शब्दप्रयोग दर वेळी थोडा अडखळवतो. गवयाच्या रियाजाचे चीज मैफलीत होते, म्हणजे गाण्यातच होते. मुलीच्या खेळाचे चीज मात्र मैदानात होत नाही. ते नियुक्तिपत्रात होते. जणू त्याआधीची आठदहा वर्षे हा नुसता खर्च होता आणि आता कुठे वसुली झाली. या शब्दामागे एक दीर्घ इतिहास उभा आहे, आणि तो केवळ आपल्या प्रांताचा नाही. तो उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातले गाव. गावात पोलीस ठाणे आहे. अशा गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या मुलींपैकी काही जणी सकाळच्या तासाला बसतात तेव्हा पहाटेचे धावणे उरकून आलेल्या असतात. आपण खेळायला जातो असे त्या म्हणत नाहीत. त्या 'ग्राउंडला' जातात. ग्राउंड म्हणजे येथे मैदान नव्हे. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीला आपल्या तरुण पिढीने दिलेले ते नाव आहे. 'ग्राउंड निघाले', 'ग्राउंडला किती पडले' ही त्यांची रोजची वाक्ये. खेळाची जागा दाखवणाऱ्या शब्दाचा अर्थ गुण असा व्हावा, हा अर्थपरिवर्तनाचा नमुना भाषाविज्ञानाच्या तासाला जरूर सांगावा असा आहे.

आता थोडे मागे जाऊ. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ यांनी तयार केला. तो तयार झाल्यावर काही आठवड्यांतच जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनींना तो शिकवायला घेतला. क्रिकेट, फुटबॉल, कुस्ती हे खेळ स्त्रियांच्या वाट्याला आले ते पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळून झाल्यावर. बास्केटबॉल मात्र जवळजवळ जन्मापासून दोघांचाही होता. तरीही बेरेन्सनबाईंना नियम बदलावे लागले. त्यांनी मैदानाचे आडवे तीन भाग पाडले. जिला जो भाग नेमून दिला तिने त्याची रेघ ओलांडायची नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. चेंडू तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ हातात ठेवायचा नाही. मुलींना दम लागू नये आणि त्यांच्या वागण्यात आडदांडपणा येऊ नये, ही दुहेरी काळजी त्यामागे होती. या बदलांमागे बाई भित्र्या होत्या असा अर्थ आम्ही काढत नाही. घराघरांतून विरोध झाला असता तर खेळच बंद पडला असता. रेघ आखणे ही तडजोड होती, आणि ती तडजोड होती म्हणूनच मुली मैदानात उतरू शकल्या.

मार्च १८९३ मध्ये स्मिथ महाविद्यालयात झालेल्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींमध्ये आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. तोही फक्त स्त्रियांपुढे. स्टॅनफर्डने तो जिंकला, दोन विरुद्ध एक असा. एवढ्या कमी गुणांची आजच्या मुलींना गंमत वाटेल. पण पुरुषांना दाराबाहेर ठेवून रंगलेला हा खेळ मराठी वाचकाला फारसा अनोळखी वाटू नये. आपल्या मंगळागौरीचे जागरण हेच तर आहे. फुगडी, झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा या खेळांना लागणारा दम आणि लवचिकपणा काही कमी नसतो. रात्रभर घरातली जमीन दणाणत असते. पण ते सारे उंबऱ्याच्या आत, बायकांच्या मेळाव्यात, आणि व्रताच्या आधाराने. स्त्रीच्या शरीराला जोरकस हालचालीची मुभा होती. ती कोणी पाहायची आणि कोठे करायची, यावर मात्र बंधन होते. मॅसॅच्युसेट्समधल्या व्यायामशाळेत आणि वाड्यातल्या माजघरात या बाबतीत फार अंतर नव्हते. फरक पुढे पडला. तिकडच्या खेळाला नियमपुस्तक, संघ, सामना आणि निकाल मिळाला. आपले खेळ सणातच राहिले.

रेघा पुसायला तिकडेही फार काळ लागला. मुलींचा अर्ध्या मैदानावरचा, सहा जणींचा बास्केटबॉल अमेरिकेतील आयोवा राज्याच्या शाळांतून बंद झाला तो १९९३ मध्ये, आणि ओक्लाहोमातून १९९५ मध्ये. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला. स्त्रियांना त्यासाठी १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेची वाट पाहावी लागली. जन्मापासून खेळणाऱ्यांना चाळीस वर्षे उशीर!

आपल्याकडे हा खेळ आला तो मिशनच्या वाटेने. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० साली वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. मुंबईत नागपाडा ही या खेळाची पेठ ठरली. तेथील नेबरहुड हाऊस क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात उभे केले ते अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने. याच मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या होत्या आणि जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा तेथे मिळाली, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. म्हणजे मराठी मुलीला पाटी देणारी आणि मुंबईच्या गल्लीतल्या पोरांना बास्केट देणारी संस्था एकच. मात्र पाटी आणि बास्केट एकाच हातात यायला बराच काळ जावा लागला. नागपाड्याने अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्काराचा मानकरी दिला, पण ते मैदान प्रामुख्याने मुलग्यांचेच राहिले.

मराठवाड्यात यातले काहीच वेळेवर पोहोचले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि मुलींच्या माध्यमिक शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झाले आणि महाविद्यालयीन स्पर्धांची चौकट आली. नांदेडचे विद्यापीठ, ज्याच्या कक्षेत आज परभणी जिल्हा येतो, ते तर १९९४ चे. खेड्यापाड्यात रुजला तो खो-खो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याला नियमांत बसवले, आणि शाळांनी तो उचलला. खो-खो स्वस्त, त्याला जागा थोडी लागते, म्हणून तो गावात रुजला असे सर्रास सांगितले जाते. यातले अर्धेच खरे आहे. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटर. बास्केटबॉलचे कोर्ट २८ बाय १५, म्हणजे ४२० चौरस मीटर. जागा बास्केटबॉललाच थोडी कमी पुरते! अडचण जागेची नव्हे. अडचण आहे ती टणक, सपाट फरशीची, ३.०५ मीटर उंचीवर घट्ट उभ्या राहणाऱ्या रिंगची आणि दर वर्षी झिजणाऱ्या चेंडूची. काळ्या मातीत चेंडू उसळत नाही. खांब मात्र काळ्या मातीतही रोवता येतात.

हे झाले खेळाचे. आता खाकीकडे वळू, कारण तिथेही रेघच भेटते.

स्त्रियांना पोलिसात घेतले गेले ते त्या पुरुषांइतक्या सक्षम आहेत असे कोणाला पटले म्हणून नव्हे. इंग्लंडमधील ग्रँथम गावी १९१५ साली एडिथ स्मिथ यांना अटकेच्या अधिकारांसह नेमले गेले, ते महायुद्धाच्या काळात छावणीभोवतालच्या स्त्रियांवर लक्ष ठेवण्यासाठी. आपल्या देशात त्रावणकोर संस्थानाने १९३३ साली काही स्त्रियांना पोलिसात घेतले. तीसच्या दशकाच्या शेवटी कानपुरात गिरणी कामगारांचे संप पेटले तेव्हा स्त्री आंदोलकांना आवरण्यासाठी स्त्री पोलीस लागल्या. म्हणजे पोलीस स्त्री ही प्रथम 'बायकांसाठीची' पोलीस होती. झडती बायकांची, पहारा बायकांवर, चौकशी बायकांची आणि मुलांची. बेरेन्सनबाईंच्या कोर्टासारखेच येथेही मैदानाचे भाग पाडलेले होते आणि तिला एका भागात उभे केलेले होते. २७ ऑक्टोबर १९७३ रोजी केरळात कोझिकोडला देशातले पहिले महिला पोलीस ठाणे सुरू झाले. ते निश्चितच पुढचे पाऊल होते. तरीही तो वेगळा कक्षच होता.

ही रेघ ओलांडणारी पहिली ठळक व्यक्ती खेळाडू असावी, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. किरण बेदी १९६६ साली टेनिसच्या राष्ट्रीय कनिष्ठ विजेत्या ठरल्या होत्या. खेळताना अडथळा होतो म्हणून त्यांनी केस कापले होते. (आमच्या व्यवसायबंधूंना हे वाचून बरे वाटेल की १९७० ते १९७२ या काळात त्या अमृतसरच्या एका महिला महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या अधिव्याख्यात्या होत्या.) १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत आलेल्या त्या पहिल्या स्त्री. अबूच्या प्रशिक्षणात सारे पुरुष आणि त्या एकट्या. १९७५ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्ली पोलिसांच्या पुरुष तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले. त्यांच्या पुढील कारकिर्दीबद्दल मते भिन्न आहेत, आणि त्यांतली काही आम्हालाही मान्य आहेत. पण येथे मुद्दा वेगळा आहे. टेनिसच्या कोर्टावर ती मुलगी हजारोंच्या नजरेसमोर एकटी उभी राहायला शिकली होती. पोलीस अधिकाऱ्याच्या कामाचा निम्मा भाग हाच असतो. बायकांसाठीच्या पोलिसापासून सर्वांच्या पोलिसापर्यंतचे अंतर तिने तोडले, त्यात स्पर्धा-परीक्षेइतकाच कोर्टाचाही वाटा होता.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांमध्ये एक बोलके दृश्य जुळून आले होते. भारताच्या बास्केटबॉल संघात सज्जनसिंग चीमा खेळत होते. पुढे ते पंजाब पोलीस दलात अधिकारी झाले. त्याच स्पर्धांसाठी दिल्लीच्या रस्त्यांवर वाहतूक सांभाळत होत्या किरण बेदी. बास्केटबॉलपटू पुरुष आणि टेनिसपटू स्त्री, दोघेही अखेर एकाच खात्याचे. पण पुरुषाला खेळाने खात्यात नेले. स्त्री मात्र खात्यात पोहोचली ती लेखी परीक्षेने. खेळ तिच्या अंगी होता, परंतु तिच्या कागदावर तो उपयोगाचा नव्हता.

खेळाने पोलिसात नेणारी वाट महाराष्ट्रात बरीच जुनी आहे आणि तिचा पहिला मोठा वाटसरू आहे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. (प्राचार्यपदाचा असा उपयोग हल्ली ऐकिवात नाही. असो.) खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांना पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. सुमारे २७ वर्षांची सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, निवृत्तिवेतनासाठी झगडले, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणूक गावाची होती, नोकरी सरकारची. आणि दोन्हींमध्ये काही नाते असल्याचे त्या नोकरीतून कधी जाणवले नाही.

तरीही वाट पडली. आखाडा आणि पोलीस यांचे नाते महाराष्ट्राच्या मनाला स्वाभाविक वाटते. नरसिंग यादव, विजय चौधरी, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हे तिघेही मल्ल, आणि तिघेही राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाले. आता याच राज्याने गौरवलेल्या खेळाडू स्त्रियांकडे पाहा. नेमबाज राही सरनोबत यांना उपजिल्हाधिकारीपद मिळाले. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या, साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबर याही महसूल खात्यात गेल्या. आपल्या मराठवाड्यातल्या, धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला, आणि त्या क्रीडा अधिकारी आहेत. ही पदे लहान नाहीत. यातल्या प्रत्येकीची स्वतःची निवडही असू शकते. पण ही ठळक नावे एका ओळीत मांडली की एक रेघ दिसू लागते : मल्लाला खाकी, धावणारीला आणि नेम धरणारीला फाइल. बंदुकीशी सर्वांत जवळचे नाते नेमबाजाचे, आणि तीच महसुलात!

अन्य राज्यांत ही रेघ पुसट झाली आहे. मणिपूरच्या मेरी कोम यांनी राज्य पोलिसांत उपनिरीक्षकपदापासून वरपर्यंत मजल मारली. २०२१ मध्ये आसामात धावपटू हिमा दास उपअधीक्षक झाल्या, मणिपुरात मीराबाई चानू यांना अतिरिक्त अधीक्षकपद मिळाले. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात क्रिकेटपटू दीप्ती शर्मा आणि तेलंगणात मुष्टियोद्धा निखत झरीन उपअधीक्षक झाल्या. बास्केटबॉलची मुलगी या यादीत दिसत नाही याचे कारण साधे आहे : तिला नोकरी दिली ती मुख्यतः रेल्वेने. केरळची गीतू अण्णा जोस, भारताची आजवरची बहुधा सर्वांत गाजलेली बास्केटबॉलपटू, ती रेल्वेचीच. २०१७ साली बंगळूरला भारतीय मुलींनी आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. असा विजय पुरुष क्रिकेटमध्ये मिळता तर चौकाचौकात फलक लागले असते. येथे वृत्तपत्राच्या क्रीडापानाचा तळकोपरा मिळाला.

महाराष्ट्राच्या पोलीस दलात स्त्री नाही असे मुळीच नव्हे. १९८१ च्या तुकडीच्या मीरां बोरवणकर २०१० मध्ये पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. आणि खालच्या पायरीवर तर मोठाच बदल झाला. १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना तीस टक्के जागा राखल्या. खेळाडूंसाठीही पाच टक्के जागा आहेत. गावातल्या मुलीसाठी खाकीचे दार उघडले ते या दोन आकड्यांनी; कोणाच्या उदार अंतःकरणाने नव्हे.

पण दार उघडणारे आकडे मोजमापही करतात. शिपाई भरतीसाठी मुलीची उंची १५५ सेंटिमीटर हवी. शारीरिक चाचणी ५० गुणांची : ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५, गोळाफेक १५. आठशे मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत संपवले की वीस पैकी वीस. या चाचणीत काही गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. पोलिसाला पळता आलेच पाहिजे. मात्र या तीन प्रकारांत दुसरी मुलगी कोठेच येत नाही. खो देणारी नाही, पास देणारी नाही, हिसकावणारी नाही. तिन्ही प्रकार एकटीचे. खो-खोत पाठीमागून 'खो' मिळाल्याशिवाय उठता येत नाही, आणि उठल्यावर थांबता येत नाही. बास्केटबॉलमध्ये रिंगखालच्या मुलीकडे न बघता तिच्याकडे चेंडू जावा लागतो. बंदोबस्तात, दंगलीत, रात्रीच्या गस्तीत पोलिसाला नेमके हेच लागते : सोबतचा माणूस कोठे आहे हे मान न वळवता ठाऊक असणे. भरतीच्या घड्याळात ते मोजता येत नाही. खेळाडूंच्या पाच टक्क्यांसाठीही प्रमाणपत्र मोजले जाते, खेळ नव्हे. म्हणून स्पर्धा जिंकण्यापेक्षा प्रमाणपत्र पडताळून मिळण्याची चिंता मुलींना मोठी वाटते.

साहित्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकावी. रमाबाई रानडे यांच्या आठवणींपासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पर्यंत मराठी स्त्रियांनी आपले शिकणे किती तपशिलाने लिहिले आहे! पहिले अक्षर, चोरून वाचलेले पुस्तक, घरातल्यांचे टोमणे. ही आपल्या वाङ्मयाची संपत्ती आहे. पण धावणारे, घामेजलेले, खरचटलेले, जिंकलेले स्त्रीशरीर त्या परंपरेत क्वचितच येते. शरीर आले तर बाळंतपणाचे, आजाराचे, कष्टाचे. पोलीस स्त्री तर आपल्या घरांत पुस्तकातून आली नाही, ती दूरदर्शनवरून आली. १९८९ च्या 'उडान' मालिकेमुळे. कंचन चौधरी भट्टाचार्य या अधिकारी बाईंच्या आयुष्यावर ती त्यांच्या भगिनी कविता चौधरी यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि स्वतः साकारली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत बाईच्या अंगावरचा अधिकाऱ्याचा गणवेश प्रथम दिसला तो तेव्हा.

आमच्या वर्गात निबंधाला 'माझा आवडता खेळ' हा विषय दिला की पहाटे धावणाऱ्या मुली खो-खोवर लिहितात. सहावी-सातवीतल्या खो-खोवर. त्या निबंधांत भूतकाळ असतो. ग्राउंडविषयी लिहायला सांगितले तर वाक्ये वर्तमानकाळात येतात, आणि मैत्रिणींची नावे गळून जातात. उरतात ती मिनिटे आणि सेकंद.